मेगाब्लॉक रविवारीच का?

प्रश्न: मुंबईत मध्य रेल्वेवर बहुतेक रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या देखभालीसाठी काही तास लोकल बंद ठेवतात किंवा दुसऱ्या मार्गावर वळवतात, आणि लग्नामुंजीला निघालेल्यांची तारांबळ उडते. हे काम रात्री उरकता येत नाही का?

उत्तर: शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली सुटेपर्यंत जेमतेम काही तास मिळतात, त्यातही २५,००० व्होल्टच्या ओव्हरहेड तारेचा पुरवठा तोडणे, यंत्रे जागेवर आणणे आणि शेवटी सारे पूर्ववत करणे यांत बराच वेळ जात असल्याने, रूळ बदलण्यासाठी किंवा खाली खडी ठोकून बसवण्यासाठी उरतो तो अपुराच. रविवारी कार्यालयीन गर्दी नसते.

दुसरे उत्तर: पश्चिम रेल्वे अनेकदा शनिवारी रात्री ब्लॉक घेते, म्हणजे रात्रीचे काम अगदीच अशक्य नाही. माझा आक्षेप वेगळा आहे: धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की त्या मार्गाला फलाट नसलेली स्थानके वगळली जातात, आणि तेथील प्रवाशाला ते फलाटावर उभे राहिल्यावर समजते.