सगळ्यात जास्त प्रभाव कुठल्या मेटल बँडचा? सब्बाथ, प्रीस्ट का मेटॅलिका?

अंबडचा_बासवाला:
काल कॉलेज रोडला चहावर यावरनं आमच्यात जाम वाजलं म्हणून इथे टाकतोय. माझं मत मेटॅलिका. 1983 ला पहिला अल्बम आला तिथनं थ्रॅश, म्हणजे वेगवान मेटल, पसरलं आणि 1991 च्या काळ्या कव्हरवाल्या अल्बमनं तर ज्यांना मेटल म्हणजे नुसता गोंगाट वाटायचा त्यांच्यापण घरात शिरले. 2011 ला बंगळूरला वाजवून गेले तेच. मित्र म्हणतो लोकप्रियता वेगळी, प्रभाव वेगळा. तुमचं काय म्हणणं? नुसतं नाव नको, कारण पण सांगा.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
तुझा मित्र बरोबर बोलतोय भाऊ. ब्लॅक सब्बाथ, विषय संपला. मी प्रेस शॉपमध्ये काम करतो त्यामुळे त्यांच्या गिटारवाल्या टोनी आयोमीची गोष्ट मला फार जवळची आहे. बर्मिंगहॅमच्या शीट मेटलच्या कारखान्यात 17 व्या वर्षी त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं टोकाला तुटली आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटंच गेली ना राव. गडी थांबला नाही, प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, तारा हलक्या लावल्या, आणि 1971 च्या अल्बमला तर काही गाण्यांत ट्यूनिंगच दीड स्वर खाली उतरवलं कारण सैल तार दाबायला सोपी. त्यातनं तो जड आवाज निघाला, आपल्या नाशिक ढोलाचा टोला कसा कानाआधी छातीत बसतो तसा. आज डूम, स्लज, स्टोनर असे मेटलचे जड प्रकार कुठलेही घ्या, सगळे त्याच खालच्या ट्यूनिंगवर उभे आहेत.

पंचवटी_रिफ:
सब्बाथबद्दल आदरच आहे दादा पण त्यांच्यात ब्लूज बराच होता, तो काढून टाकून मेटलला स्वतःचा चेहरा दिला तो जुडास प्रीस्टनं. टिप्टन आणि डाउनिंगच्या दोन गिटारी, हॅलफर्डचा वरचा आवाज, चामड्याचे कपडे नि खिळे, हे सगळं पुढच्यांनी जसंच्या तसं उचललं. दोन गिटारींचा धागा आयर्न मेडन बँडनं अजून लांब नेला. आणि मेटॅलिकाचं म्हणशील तर त्यांचा ड्रमर लार्स 1981 ला इंग्लंडला डायमंड हेड या बँडच्या मागे गेला होता, सुरुवातीच्या शोमध्ये त्यांचीच गाणी वाजवायचे. म्हणून मेटॅलिकाला मी आधीच्यांचं पुढच्यांपर्यंत पोचवणारा बँड म्हणेन, आणि हे पण छोटं काम नाही.

गोदाकाठ_ग्रोल:
सगळे मोठ्या नावांवरच थांबलात. व्हेनम बँडच्या 1982 च्या अल्बमच्या नावावरनं अख्ख्या ब्लॅक मेटलला नाव मिळालं, स्लेअरचा 1986 चा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो आणि तरी डेथ मेटलवाले अजून त्याच्याच वेगाच्या मागे आहेत. फ्लोरिडाच्या डेथ नावाच्या बँडचा चक शुल्डिनर तर प्रत्येक अल्बमला पुढे सरकत गेला. आणि हल्ली आठ तारांची गिटार घेऊन तुटक ठेक्यात वाजवणारी जी पोरं दिसतात ती सगळी मेशुगा या स्वीडिश बँडची पोरं. ऐकणारे कमी असतील पण वाजवणारे यांच्याकडनंच शिकतात, मी प्रभाव यालाच म्हणतो.

अंबडचा_बासवाला:
आयोमीचं ट्यूनिंग का उतरलं हे खरंच माहीत नव्हतं, सब्बाथ वर मान्य. पण मेटॅलिका दुसरे, तिथनं हलणार नाही. डेथ कधी ऐकलं नाही, सुरुवात कुठनं करू?

गोदाकाठ_ग्रोल:
1991 चा ह्यूमन. बासवाला आहेस ना, मग हेडफोन लावून ऐक, डिजॉर्जिओचा बास मिक्समध्ये दबलाय, मोबाइलच्या स्पीकरवर कळणारच नाही.