डोक्याला मार लागल्यावर रात्री सुरू झालेला त्रास: तुमचे अनुभव लिहा

जखम दिसेनाशी झाली की घरच्यांना हायसं वाटतं. टाके निघतात, माणूस कामावर जायला लागतो, फाइल कपाटात जाते. मग कधी महिन्याने, कधी वर्षाने रात्रीचं असं काही सुरू होतं की डॉक्टरांना ते सांगायचं कसं हेच कळत नाही. हा धागा त्यासाठी आहे.

माझा नवरा मोटरसायकलवरून पडला. उजव्या कपाळामागे मेंदूला मुका मार होता, ऑपरेशन लागलं नाही. काही महिन्यांनी झोपेत प्रकार सुरू झाले. पहाटे एकदम डोळे उघडायचा, मान डावीकडे वळायची, डावा हात ताठ व्हायचा, घशातून घरघर. मिनिटभरात सगळं थांबून परत गाढ झोप. सकाळी त्याला काही आठवायचं नाही; फक्त जीभ कडेला चावलेली आणि उशीच्या अभ्र्यावर गुलाबी डाग. कोणी स्वप्न म्हणालं, कोणी दृष्ट काढली, एका डॉक्टरांनी टेन्शन म्हणून झोपेची गोळी दिली. दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी मात्र त्याच्याआधी मला समोर बसवलं. "मान दर वेळी त्याच बाजूला वळते का?" हो, डावीकडेच. तिथून तपासणीला दिशा मिळाली. दिवसाचा ईईजी (डोक्याला तारा लावून काढतात तो मेंदूचा आलेख) नॉर्मल आला होता, रात्रभर कॅमेऱ्याखाली ठेवून केला तेव्हा फिट पकडली गेली.

मार कुठे लागला, त्रास किती काळाने सुरू झाला, शेजारी झोपणाऱ्याने नेमकं काय पाहिलं, शेवटी काय निघालं, एवढं जरूर लिहा. निदान झालं नसलं तरी लिहा. गोळ्यांचे डोस मात्र नकोत, कुणीतरी वाचून सुरू करेल.

सातारा, वडिलांबद्दल

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, हृदयाच्या त्रासामुळे रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू. न्हाणीघरात घसरले, डोकं भिंतीला लागलं. साधं टेंगूळ होतं, बेशुद्ध वगैरे झाले नाहीत. महिना उलटून गेल्यावर रात्री उठून भलत्याच कोपऱ्यात लघवीला उभे राहायला लागले. वारलेल्या काकांना हाका मारायचे. दिवसा बरेचसे ठीक. सगळे म्हणाले, वय झालं, विसरभोळेपणा आला. आईने एक गोष्ट टिपली होती: चालताना डाव्या पायातली चप्पल मागे राहते आणि यांना कळतच नाही. ती चप्पलची गोष्ट डॉक्टरांना सांगितली आणि त्याच दिवशी सीटी स्कॅन झाला. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये जुनं रक्त साठून मेंदूवर दाब आला होता. कवटीला दोन भोकं पाडून ते काढलं, सर्जन म्हणाले इंजिनातल्या जुन्या ऑइलसारखं होतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी चहा मागितला आणि पेपर कुठाय विचारलं. म्हाताऱ्या माणसाला किरकोळ मार लागला असेल तर पुढचे दोन-तीन महिने लक्ष ठेवा, एवढं कळकळीने सांगतो.

पुणे

माझं छोटंसं आहे. रिक्षाच्या दांडीवर डोकं आपटलं. नंतर रात्री उजव्या कुशीवर वळलं की खोली गरगर फिरायची, अर्ध्या मिनिटात थांबायची. कानाच्या डॉक्टरांनी झटकन आडवं करून, मान पलंगाखाली लोंबती ठेवून डोळे पाहिले. मार बसल्यामुळे कानातले बारीक कण जागा सोडून गेले होते. मान ठरावीक क्रमाने वळवून ते परत जागेवर नेतात, त्याला एप्ली म्हणतात. गोळी लागली नाही.

कोल्हापूर, ईईजी टेक्निशियन

ताई, तुमच्या नवऱ्यासारख्या केसेस येतात. नेहमीचा ईईजी अर्ध्या तासाच्या आसपासचा असतो. कपाळामागच्या भागातून निघणारी फिट बऱ्याचदा झोपेतच येते, मधल्या वेळात आलेख स्वच्छ दिसू शकतो. म्हणून आम्ही कधीकधी रात्रभर जागून यायला सांगतो, म्हणजे मशीनवर झोप लागते.

मोबाइलवर व्हिडिओ काढा. दिवा लावा, पांघरूण बाजूला करा, पूर्ण शरीर दिसू द्या, शेवटपर्यंत चालू ठेवा आणि नावाने हाक मारून उत्तर येतं का ते त्यात येऊ द्या. पण आधी माणूस. कुशीवर वळवा, जवळच्या वस्तू सरकवा, घड्याळ बघा. कांदा, चप्पल, किल्ली काही नको. दातांत चमचा घालू नका, तोंडात पाणी ओतू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर सरळ हॉस्पिटल.

आणि "इतक्या उशिरा कसं?" असं विचारणाऱ्यांसाठी: फिनियस गेज या अमेरिकन रेल्वे मुकादमाच्या डोक्यातून १८४८ मध्ये पहार आरपार गेली. तो जगला, कामही केलं. फिट्स आल्या १८६० मध्ये, आणि त्यातच तो गेला.

नाशिक, स्वतः पेशंट

मला रात्रीचं काहीच माहीत नसतं. सकाळी खांदे दुखतात आणि बायकोचा चेहरा बघून कळतं. गोळी सुरू झाल्यापासून फिट थांबली, पण मी विनाकारण चिडायला लागलो, मुलांवर ओरडायचो. हा त्या गोळीचा, लेव्हेटिरासिटामचा, परिणाम असू शकतो असं डॉक्टरांनी सांगितलं आणि हळूहळू औषध बदललं. स्वतःहून गोळी बंद करू नका, त्यानेच मोठी फिट येऊ शकते.

शिवाय घरात लग्नाचं कोणी असेल तर: फेफरं आहे म्हणून लग्न रद्द ठरवण्याचं कलम हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्येच काढलं आहे. लपवू नका, पण मान खाली घालूनही सांगू नका.

ठाणे, बहिणीबद्दल

आमच्याकडे फिट नव्हती. ट्रकच्या धडकेनंतर बहीण रात्री किंचाळून उठायची, घामाघूम. पण तिला सगळं आठवायचं: हेडलाइट, ब्रेकचा आवाज. हात लावला की ओळखायची. न्यूरोच्या तपासण्या झाल्या, मग मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलो. अपघाताचा धक्का मनात राहिला होता. समुपदेशनाने खूप फरक पडला.

लातूर

भावाला दोन महिन्यांपूर्वी मार लागलाय. झोपेत ओठ चाटतो, शर्टाची बटणं चाचपत राहतो, नंतर थोडा वेळ ओळखत नाही. कुणाकडे न्यायचं?

धागाकर्ती

दादा, न्यूरॉलॉजिस्टकडे, आणि याच आठवड्यात न्या. तुम्ही पाहिलंय ते जसंच्या तसं लिहून न्या: सुरुवात कशी, किती वेळ, नंतर किती वेळ ओळखत नव्हता. अपघाताच्या वेळचा स्कॅन सोबत ठेवा. तोवर त्याला गाडी चालवू देऊ नका, विहिरीवर किंवा गच्चीवर एकटा सोडू नका, आणि रात्री त्याच्या खोलीत कुणीतरी झोपा.