इंदूरच्या हवेत सिगार मुरवणं: कशात ठेवायचे, किती वर्षं, कधी थांबायचं?

तिसरा_मजला (लोकमान्य नगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. २५ हवाना, म्हणजे क्यूबाचे सिगार (२०१६ च्या बॅगेज नियमांत विनाशुल्क आणता येत होते तेवढेच), निकाराग्वाचे १० सुटे आणि कनेक्टिकट शेड रॅपरचे (रॅपर म्हणजे सगळ्यांत बाहेरचं पान) ५, एवढा ऐवज आहे. काही वर्षं मुरवायचा विचार आहे. सध्या सगळे मूळ पेटीतून काढून ५० सिगारांच्या लाकडी ह्युमिडॉरमध्ये (ओल राखणाऱ्या पेटीत) ठेवलेत. आत बोवेडाचं, हवेतली ओल ६९ टक्क्यांवर धरणारं, ६० ग्रॅमचं एक पाकीट. खोली पश्चिमेची, एसी नाही, रात्री कूलर. ओल दाखवणाऱ्या मापकावर दुपारी ५८ टक्के, पहाटे ७१. तापमान ३१.

तीन शंका आहेत. कोणता सिगार किती वर्षं चढतो आणि कधी उतरायला लागतो? लाकडी पेटी इथे चालेल का? आणि दोन सिगारांवर पांढरट पूड दिसते, ती मुरल्याची खूण म्हणतात, ते खरं का?

वाळ्याचा_पडदा

वर्षांचं नंतर बघू. तुम्ही दिलेल्या आकड्यांत घाबरण्यासारखा आकडा ५८ नाही, ७१ नाही, ३१ आहे.

तंबाखूच्या पानात भुंगेऱ्याची अंडी वळतानाच आलेली असू शकतात. १८-२० अंशांत ती निपचित राहतात. २४-२५ च्या वर पारा टिकला की फुटतात, अळी आतून पोखरत जाते आणि भुंगेरा रॅपरला टाचणीएवढं गोल भोक पाडून बाहेर येतो. त्या भोकांतून हवा शिरते, मग सिगार ओढला जात नाही की नीट जळत नाही. हा किडा तुमच्या घरच्यांच्या ओळखीचा असणार. हळद, धने, सुक्या मिरच्यांत होतो तोच, दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी. म्हणून सिगारांचा डबा वर्षाच्या मसाल्याच्या शेजारी कधीच ठेवू नये.

आजच करायचं काम: प्रत्येक सिगार पांढऱ्या कागदावर आडवा धरून हलकेच टिचकी मारा. बारीक तपकिरी भुसा पडला किंवा भोक दिसलं तर तो बाजूला. बाकीचे झिपलॉक पिशवीत, हवा दाबून काढून, वर आणखी एक पिशवी. २४ तास फ्रिजमध्ये, मग फ्रीझरला उणे १८ वर ७२ तास. घरचा फ्रीझर दिवसातून दहा वेळा उघडतो, म्हणून पाच दिवस धरलेले बरे. परत २४ तास फ्रिजमध्ये, आणि मग खोलीत. पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. थंड असताना उघडलीत तर पानावर दव धरतं, रॅपर फुगतो आणि उभा चिरतो. फ्रिजचे मधले २४ तास वाचवायला जाऊ नका, एकदम गोठवण्या-वितळवण्यातही रॅपरच जातो.

कूलरचं असं आहे की तो चालू झाला की मे महिन्यातली वीस-पंचवीस टक्क्यांची खोली साठ-सत्तरवर जाते आणि बंद केला की परत खाली. तुमच्या मापकाचा झोका खोलीच्या मागोमाग चाललाय, म्हणजे पेटी गळते. शिवाय तंबाखू वास ओढून घेतो. वाळ्याचा, उदबत्तीचा, डांबरगोळीचा, लसणाच्या शेवेचासुद्धा.

सराफा_काटा

वरच्या सगळ्याला दुजोरा. आता पेटीचं.

स्वस्त लाकडी ह्युमिडॉर इथे वर्षातून दोनदा हलतो. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं आणि झाकणाची बसणी बिघडते. तपासायचं असेल तर कागदाची पट्टी झाकणात धरून चारही बाजूंनी ओढून पाहा, सहज सुटली तर त्या बाजूने गळती आहे. दुरुस्तीला जाऊ नका. सिलिकॉनची कड आणि चार खिट्ट्या असलेला ८-१० लिटरचा प्लास्टिकचा खाऊचा डबा घ्या, सौम्य साबणाने धुऊन दोन दिवस उघडा वाळवा, वास पूर्ण गेला पाहिजे. हवाना परत त्यांच्या मूळ पेटीत घाला आणि पेटीच डब्यात ठेवा. भरलेल्या पेटीत हवा कमी खेळते, तेलं उडत नाहीत, मुरवायला तेच हवं. कनेक्टिकटचे वेगळ्या छोट्या डब्यात. कुठलीही चेरी-व्हॅनिला-रमच्या वासाची वस्तू याच्या जवळपास नको.

लाकडाचा वास हवा असेल तर सिगारांच्या थरांमध्ये येते ती सीडरची पातळ फळी टाकून द्यायची नाही, तीच डब्यात ठेवायची. हे स्पॅनिश सीडर आपल्या तुणीच्या कुळातलं झाड आहे, देवदाराशी त्याचं काही नातं नाही. सुताराकडून देवदाराचा तुकडा आणून टाकाल तर राळेचा वास सिगारात जन्मभर राहील.

पाकीट ६९ चं नको, ६५ चं घ्या, आणि दीर्घ मुरवणीला ६२ सुद्धा चालतं. ६९-७० हा आकडा १८-२० अंशांच्या खोलीसाठी आहे. आपल्याकडे उबेत त्या ओलीवर बुरशी लवकर धरते. प्रत्येक २५ सिगारांमागे ६० ग्रॅमचं एक. पाकीट कडक, खडे झाल्यासारखं लागलं की संपलं. पाकिटं न वापरता स्पंज भिजवणार असाल तर फक्त डिस्टिल्ड पाणी. नर्मदेच्या नळाच्या पाण्यातले क्षार स्पंजात बसतात आणि आरओच्या पाण्यातही ते थोडे उरतातच. बटाट्याची नाहीतर सफरचंदाची फोड ठेवायचा जुना उपाय म्हणजे बुरशीला पत्रिका पाठवून बोलावणं.

मापकावर विश्वास ठेवण्याआधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, चार-पाच थेंब पाणी, रेती ओली असावी इतपत, डबकं नको. ते आणि मापक एका झिपलॉकमध्ये बंद करून १२ तास. ७५ दाखवलं पाहिजे. ७१ दाखवलं तर तुमचा मापक ४ ने कमी सांगतो, तेवढे मिळवून वाचा.

पण मापकापेक्षा मला काटा जास्त खरा वाटतो. ०.०१ ग्रॅमचा छोटा दागिन्यांचा काटा मिळतो. तीन सिगारांना सेलोफेनवर खूण करून दर महिन्याला वजन लिहून ठेवा. १३ ग्रॅमच्या सिगारात एक टक्का ओल म्हणजे ०.१३ ग्रॅम. महिन्याभरात एवढा फरक पडला तर डबा गळतोय किंवा पाकीट संपतंय. मापक डब्यातली हवा सांगतो, काटा तंबाखूच्या पोटात काय चाललंय ते सांगतो.

ग्वालियर_छावणी

६९ ला एवढं वाईट का बोलता? मूळ शिफारस तीच आहे आणि ओढायला ६९ वर सिगार जास्त गुळगुळीत जातो.

सराफा_काटा

साहेब, दोन-चार महिन्यांत ओढायचे असतील आणि घरात एसी असेल तर खुशाल ६९. पाच वर्षं ठेवायचे तर नाही. जास्त ओलीत मुरलेला सिगार जळताना आतून बोगदा करतो, घट्ट ओढावा लागतो आणि तोंडाला आंबूस लागतो.

जुनी_पेटी

आता वर्षं. एक गोष्ट आधी स्पष्ट असू द्या, मुरणं म्हणजे दरवेळी सुधारणं नाही. लोणच्यासारखंच आहे, तिखटाचा झणका जातो खरा, पण फार ठेवलं की फोड मऊ पडते आणि नुसतं मीठ लागतं. सिगारात आधी वळताना ओल्या केलेल्या पानातला अमोनिया निघून जातो, पुढे टॅनिन मवाळ होतात, कडवटपणा उतरतो. आणि हे सगळं चालू असताना सुगंधाची तेलंही हळूहळू उडतच असतात. कडवटपणा गेलाय पण सुगंध अजून आहे, एवढ्या मधल्या काळाला लोक उत्तम म्हणतात.

हवाना: पेटीच्या तळाशी कारखान्याची खूण, महिन्याची स्पॅनिश तीन अक्षरं आणि वर्ष छापलेलं असतं. ‘एने’ म्हणजे जानेवारी, ‘आगो’ ऑगस्ट, ‘दिक’ डिसेंबर. मुरवण त्या तारखेपासून मोजायची, तुम्ही विकत घेतलं तेव्हापासून नाही. नव्या पेटीत सिगारच्या टोकाला नाक लावलं आणि गोठ्यासारखा, नाकात झोंबणारा वास आला तर अजून अमोनिया आहे. वर्षभर हात लावू नका. हलक्या चवीचे हवाना तीन ते पाच वर्षांत खुलतात, बोलिव्हार किंवा पार्तागाससारखे जड पाच ते दहा घेतात, त्यांतले काही पुढेही टिकतात.

निकाराग्वाचे: इथे गणित उलटं आहे. या कारखान्यांचा तंबाखू बऱ्याचदा वळायच्या आधीच काही वर्षं गठ्ठ्यांत मुरलेला असतो, म्हणून ते आल्या दिवसापासून ओढण्याजोगे. झाडाच्या वरच्या जाड पानांचा, म्हणजे लिगेरोचा भरणा जास्त असेल तर दोन ते पाच वर्षांत धार बोथट होते आणि बरं लागतं. त्यानंतर मिरीचा तो झटकाही जातो. ज्यासाठी घेतला तेच गेलं तर मुरवून काय मिळवलं?

कनेक्टिकट शेड: एक वर्ष, फार तर दोन. नाजूक मलईदार चव असते, तीन वर्षांनी गरम पुठ्ठा ओढल्यासारखं होतं. हे पाच आधी संपवा.

जाड सिगार हळू मुरतो, बारीक लवकर. सेलोफेन काढायची गरज नाही, त्यातून ओल आरपार जाते. वर्षांनी ते पिवळट होतं, तो पानातल्या तेलाचा रंग. ॲल्युमिनियमच्या नळीत असतील तर मात्र टोपण सैल करा.

पांढऱ्या पुडीबद्दल: गुळगुळीत शब्दांत ‘ब्लूम’ म्हणून विकतात, पण बहुतेक वेळा ती बुरशीच असते. भिंगातून बघा. लोकरीसारखे तंतू किंवा हिरवी-निळी झाक असली तर शंकाच नको. फक्त रॅपरवर असेल तर मऊ ब्रशने घराबाहेर झटकून आठवडाभर वेगळा ठेवा. पेटवायच्या टोकातून आत गेलेली दिसली तर तो सिगार फेकून द्या.

जाता जाता, तिरुचिरापल्ली-दिंडिगुलकडचे कोरडे चिरूट कोणी यात आणून ठेवत असेल तर नको. ते कोरडेच ओढायचे असतात, त्यांना ह्युमिडॉर लागत नाही.

तिसरा_मजला

आभारी आहे. तीन सिगारांच्या टोकाला लोकरी तंतू होते, ते फेकले. बाकीचे फ्रीझरमध्ये. आता तापमानासाठी छोटा वाइन कूलर घेऊ का? की एरवीच्या फ्रिजमध्येच डबा ठेवू?

वाळ्याचा_पडदा

दुकानात कॉम्प्रेसरवाला आहे की थर्मोइलेक्ट्रिक ते आधी विचारा. थर्मोइलेक्ट्रिक आवाज करत नाही, पण खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५ अंशच खाली जातो. पश्चिमेच्या तिसऱ्या मजल्यावर मे महिन्यात खोली ४० झाली की आत २५, म्हणजे भुंगेऱ्याची हद्द सुरू. कॉम्प्रेसरवाला १८ वर धरतो, मात्र तो आतली हवा कोरडी करतो, म्हणून सिगार उघडे न ठेवता हा बंद डबाच आत ठेवायचा. मागच्या थंड पत्र्याला डबा टेकू देऊ नका, त्या बाजूला आत दव धरतं.

एरवीचा फ्रिज ४-५ अंशांचा. बिघडत काही नाही, पण मुरणं जवळजवळ थांबतं आणि डबा उघडला की दव.

खर्च करायचा नसेल तर डबा तळमजल्यावरच्या, बाहेरची भिंत नसलेल्या खोलीत, दिवाणाच्या पोटात रजयांच्या मध्ये. राजवाड्याच्या आसपासच्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत ही सोय आयतीच असते. तिथे तुमच्यापेक्षा चार-पाच अंश कमी आणि मुख्य म्हणजे दिवसरात्रीचा झोका नाही. तरी एप्रिल ते जून पारा २५ वर राहणारच. फ्रीझरचं काम करून घेतलंय म्हणून ते चालून जाईल. नवीन आणलेला कुठलाही सिगार मात्र गोठवल्याशिवाय त्या डब्यात टाकायचा नाही, एकाच्या अंड्यांनी सगळी पेटी जाते.

जुनी_पेटी

फ्रीझरमधून निघाल्यावर लगेच पेटवू नका, तीन आठवडे ६५ वर बसू द्या. उन्हाळ्यात कुरिअरने येऊन वाळलेले असतील तर आधी महिनाभर ६२, मग ६५. एकदम ओल दिली की आतला भरणा फुगतो आणि रॅपर फाटतो.

पेटीच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवा: छापलेली तारीख, गोठवल्याची तारीख, काट्यावरची वजनं. हवानातला एक दर सहा महिन्यांनी ओढायचा आणि दोन ओळी तिथेच लिहायच्या. सलग दोन वेळा ‘मागच्यापेक्षा फिका’ असं लिहिलं गेलं की उरलेल्यांवर त्या वर्षातच हात साफ करायचा.