मदत हवी आहे: दोन पोलरॉइडच्या मधे तिसरा घातला की उजेड परत येतो, हे पोरीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी, कोल्हापूरहून लिहितोय. पोरगी बारावी सायन्सला आहे, फेब्रुवारीत बोर्ड, आणि वेव्ह ऑप्टिक्समधल्या पोलरायझेशनवर (उजेडाचं कंपन एकाच दिशेचं करणं; पोलरॉइड म्हणजे ते करणारी फिल्म) आम्ही बापलेक दोघंही अडकलोय. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, १६ वर्षं झाली, गाळप सुरू झालं की दर शिफ्टला रसाचा ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ) आणि पोल (त्यातली साखर) काढायचा हेच काम, आणि पोल म्हणजे पोलरायझेशनचाच पोल, त्यामुळं मला वाटायचं बाकी काही नाही तरी हा भाग मी तिला डोळे झाकून शिकवीन. पण परवा रात्री तिनं जे विचारलं त्यावर मला एक वाक्य धड बोलता आलं नाही.

झालं असं, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडनं पोलरायझर फिल्मचे तीन तुकडे आणले होते. दोन तुकडे एकावर एक धरून ट्यूबलाइटकडं बघितलं, वरचा हळूहळू फिरवला, ९० अंशाला पार काळंकुट्ट. माल्युसचा नियम, दोन तुकड्यांतला कोन थीटा तर उजेड कॉस थीटाच्या वर्गाच्या प्रमाणात, ९० ला शून्य, इथवर सगळं पटलं. मग तिनं तिसरा तुकडा त्या दोघांच्या मधे तिरपा सरकवला आणि जेवढ्या भागात तो तुकडा होता तेवढाच चौकोन उजळला, आजूबाजूला काळंच! तोच तुकडा दोघांच्या वर ठेवला तर काही नाही, खाली ठेवला तर काही नाही, मधे घातला तरच उजेड. ती म्हणाली, "पप्पा, दोन चाळण्यांच्या मधे अजून एक चाळण घातली तर पीठ जास्त कसं पडंल?" मी गप्पच.

गणित तिला येतंय हो, ४५ अंश धरून सूत्रात घातलं की सुरुवातीच्या उजेडाचा आठवा हिस्सा बाहेर पडतो हे तिनं काढून दाखवलं. पण का, हे कळंना.

दुसरं असं की मला त्यावरनं कारखान्यातला पोलरीमीटर आठवला, म्हणजे साखर उजेडाचं कंपन किती वळवते त्यावरनं साखर मोजायचं यंत्र. आता डिजिटल आलाय, बटण दाबलं की आकडा, पण मी लागलो तेव्हा सोडियम दिव्याचा जुना होता. डोळा लावला की पिवळं वर्तुळ दिसायचं, त्याचे दोन भाग, एक उजळ एक मळकट, नॉब फिरवत फिरवत दोन्ही सारखे झाले की स्केल वाचायचं. २६ ग्रॅम शुद्ध साखर विरघळवून १०० मिली द्रावण करायचं, २०० मिमीच्या ट्यूबमध्ये भरायचं, बरोबर १०० पोल यायला पाहिजे, कोनात बघितलं तर साधारण ३४.६ अंश. तिथंही दोन पोलरायझर, मधे साखर आली की अंधाराची जागा हलते. मग साखर करते तेच हा तिसरा तुकडा करतो का? का वेगळं आहे?

आणि एक बारकी शंका. थिएटरातला थ्रीडी चष्मा घरात होता, तो जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर धरून फिरवला तर अंधारच पडत नाही, चष्म्याची डोळ्याकडची बाजू स्क्रीनकडं करून उलटा धरला की मात्र पडतो. हे काय गौडबंगाल आहे?

प्रतिसाद १

दादा, पोरीचा प्रश्न एक नंबर आहे, तिला आधी शाबासकी द्या. मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते, दरवर्षी पोरं सूत्र लिहून मार्क घेतात पण हे कुणी विचारत नाही.

चाळणीची उपमाच घात करतेय. चाळणीतून पीठ जसंच्या तसं खाली येतं. पोलरॉइडमधून बाहेर पडलेल्या उजेडाची कंपनाची दिशा मात्र त्या पोलरॉइडच्या अक्षाची होते, आधी ती काहीही असो. उजेडाला मागची आठवण राहत नाही असं समजा.

आता बैलजोडी डोळ्यासमोर आणा. एक बैल डावीकडं तिरपा ओढतोय, दुसरा तेवढ्याच जोरानं उजवीकडं तिरपा, गाडी सरळ पुढं जाते. बघणाऱ्याला वाटतं गाडीवर आडवा जोर काहीच नाही. जोर आहे, पण दोघांचा एकमेकांत खपतोय. एक बैल सोडा, गाडी लगेच बाजूला वळंल. जोर वाढवला का? नाही, उलट काढून घेतला, तरी आडवी हालचाल आली.

पहिल्या पोलरॉइडमधून आलेलं उभं कंपन म्हणजे अशा दोन तिरप्या कंपनांची बेरीज. मधला तुकडा त्यातलं एक गिळतो, दुसरं सोडतो, आणि सुटलेल्याचा आडवा भाग आता मोकळा झाला, तोच शेवटच्या तुकड्यातनं बाहेर येतो. शेवटच्यानंतर ठेवला तर उपयोग शून्य, कारण तोवर गाडीच थांबलेली असते. आकड्यात सांगायचं तर साध्या उजेडाचे १०० धरले तर पहिल्यानंतर ५०, मधल्यानंतर २५, शेवटी १२.५. खऱ्या फिल्ममध्ये थोडं अजून कमी, कारण ती हव्या त्या दिशेचंही थोडं खाते.

पेपरात बैल लिहू नका म्हणावं, घटक काढून आकृती काढायची.

प्रतिसाद २

साखरेबद्दल सांगतो. दोन्हीत कंपनाची दिशा वळते, पण पोलरॉइड एक भाग गिळून वळवतो आणि साखरेचं द्रावण न गिळता वळवतं. म्हणून तुमच्या पोलरीमीटरमध्ये नॉब तेवढाच फिरवला की पुन्हा पहिल्यासारखा अंधार मिळतो, उजेड कुठं हरवलेला नसतो.

पण दोन्ही गोष्टी एकमेकांपासून लांब नाहीत. मधे एक तुकडा घालण्याऐवजी दर १० अंशाला एक असे बसवत गेलात, म्हणजे पहिल्यानंतर ९ पायऱ्या, तर आदर्श पोलरॉइड असतील तर त्या ५० मधले ३८ शेवटपर्यंत पोचतात. पायऱ्या जेवढ्या बारीक तेवढं नुकसान कमी. मला स्वतःला हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा झोप लागली नव्हती. साखरेचा प्रत्येक थर असाच जरा जरा वळवतो, फक्त फुकटात.

प्रतिसाद ३

थ्रीडी चष्म्याचं: त्यात नुसती पोलरायझर फिल्म नसते, बाहेरच्या बाजूला अजून एक थर असतो, क्वार्टर वेव्ह प्लेट. तो वर्तुळाकार पोलरायझेशन (कंपनाची दिशा गोल फिरत राहते ते) ओळखण्यासाठी, म्हणजे बघणाऱ्यानं मान तिरकी केली तरी दोन डोळ्यांची चित्रं मिसळू नयेत. स्क्रीनचा उजेड आधी त्या थरात गेला की चष्मा कसाही फिरवा, जवळजवळ निम्माच येतो. उलटा धरला की आधी साधी फिल्म लागते, म्हणून अंधार. पोलरायझेशनच्या प्रयोगाला तो चष्मा वापरूच नका, पोरं हमखास गोंधळतात.

सोबत एक सुचवतो, पोलरॉइड गॉगल असेल तर तिला दुपारी तीन-सव्वातीनला रंकाळ्यावर न्या. पाण्याचा ब्रूस्टर कोन (ज्या कोनात पडलेल्या उजेडाची चकाकी पूर्ण पोलराइज होते, उभ्या रेषेपासून मोजलेला) ५३ अंश, म्हणजे सूर्य क्षितिजापासून ३७ अंशावर पाहिजे, जानेवारीत आपल्याकडं साधारण त्या वेळेला असतो. सूर्याच्या बाजूला तोंड करून पाण्यावरची चकाकी बघायची आणि गॉगल डोळ्यासमोर हातात धरून आडवा-उभा फिरवायचा. सूर्यास्ताला सगळे जातात पण तेव्हा हे नीट दिसत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. बैलजोडी वाचली आणि ती ताडकन उठून वही घेऊन बसली, मधल्या तुकड्याची आकृती स्वतः काढली, दोन्ही आडवे बाण खोडले आणि मग एकच ठेवला.

काल रात्री अजून एक केलं. सरळ काचेच्या ग्लासात साखरेचा घट्ट पाक ओतला, खाली टॉर्च आणि एक फिल्म, वरनं दुसरी फिल्म धरून फिरवली. मला वाटलं कुठंतरी काळं होईल. काळं झालंच नाही! निळं आलं, मग जांभळट, मग पिवळसर. प्रत्येक रंग साखर वेगळ्या कोनात वळवते, निळा जास्त, लाल कमी, त्यामुळं सगळे एकदम विझतच नाहीत. एवढी वर्षं लॅबमध्ये तो पिवळा सोडियम दिवा आधी तापवत बसायचो, एकाच रंगाचा उजेड का लागतो ते काल त्या ग्लासात वाकून बघताना कळलं. रविवारी रंकाळ्यावर जातोय, गॉगल शेजाऱ्यांचा मागून ठेवलाय.