अ‍ॅडमिनमधून आयटी प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये जायचंय, पीएमपी करू का? (रविवारच्या आत सांगा)

चाफेकळी
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येते. मी अ‍ॅडमिनमध्ये आहे आणि आता पुरे झालं. आयटी प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये जायचंय. एका क्लासवाल्याने पीएमपीचं (प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट) सांगितलंय, फी ४८ हजार, रविवारी रात्रीपर्यंत भरली तर ३२. करू का नको? मनाचं ऐका वगैरे नको, ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा.

वाकडवासी
कुठलं शहर? अनुभव किती? शिक्षण काय? कंपनी आयटीतली आहे का? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणून कसं चालेल ताई.

गँटराव
डोळे मिटून पीएमपी करा. मी २०१४ ला केलं, तोपर्यंत कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. क्लाएंटला नावापुढची तीन अक्षरं दिसतात, बाकी काही दिसत नाही.

निळी_शाई
गँटराव, डोळे मिटून कसं? पदवी असली तरी ३६ महिने प्रोजेक्ट लीड केल्याचा अनुभव दाखवावा लागतो, वर ३५ तासांचं ट्रेनिंग. क्लासवाला ते ३५ तास देईल, ३६ महिने कुठून देणार? अर्ज ऑडिटला लागला तर जुन्या साहेबांकडून अनुभव कन्फर्म करून घ्यावा लागतो. माझा लागला होता, एक साहेब तोवर कॅनडाला गेलेले, त्यांना शोधताना जीव मेटाकुटीला आला.

चाफेकळी
पुणे. बी.कॉम. ११ वर्षं. कंपनी आयटीचीच आहे, त्यात काय सांगायचं. करू का नको तेवढं सांगा ना.

स्प्रिंटसम्राट
पीएमपी म्हणजे जुना जमाना. स्क्रम शिका, म्हणजे काम छोट्या टप्प्यांत करायची पद्धत. स्क्रम गाइड फुकट मिळतं, पंधरा पानंसुद्धा नाहीत, ते दहा वेळा वाचा आणि पीएसएम वन ही स्क्रमची परीक्षा द्या. ६० मिनिटांत ८० प्रश्न, ८५ टक्के लागतात. क्लास लावायची गरजच नाही.

गँटराव
आणि मग बसा स्टँडअपला (रोजची छोटी मीटिंग) घड्याळ लावून. आमच्याकडे स्क्रम मास्तर लोकांनाच आधी बेंचवर (बिनकामाचं) बसवलं, ते काम आता टीम लीड करतो.

स्प्रिंटसम्राट
तुमच्याकडे म्हणजे जगात नाही हो. सहा महिन्यांचा गँट चार्ट (कामांच्या तारखांचा तक्ता) दुसऱ्या आठवड्यात खोटा पडतो, तरी तुम्ही तो रंगवत बसता.

उद्योगी_नंदू
ताई, महिलांसाठी पीएम योजना छान आहे. प्रोजेक्ट रिपोर्ट नीट बनवा, सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट बसतो, जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. सीए तीन-चार हजारात रिपोर्ट करून देतो.

वाकडवासी
नंदूशेठ, हा तो पीएम नाही, हा प्रोजेक्ट मॅनेजर =))

कोडकिडा
मी डेव्हलपर आहे म्हणून स्पष्ट बोलतो, राग नको. ज्याला कोड कळत नाही असा पीएम आम्हाला नको. रोज 'कधी होणार' विचारायला माणूस कशाला, बॉट पण विचारतो. आधी पायथन शिका.

निळी_शाई
कोडकिड्या, माझी सगळ्यात चांगली पीएम बँकेतून आलेली होती, तिला एक ओळ कोड यायचा नाही. तिकीट (नोंदवलेलं काम) चार दिवस हललं नाही की ती 'कधी होणार' विचारायची नाही, 'कुणासाठी थांबलायस' विचारायची, आणि त्या माणसाला जाऊन गाठायची.
चाफेकळी, ११ वर्षं अ‍ॅडमिन म्हणजे नक्की काय केलंत? स्टेशनरी, कॅब, पँट्री एवढंच का अजून काही?

चाफेकळी
एवढंच कसं असेल! गेल्या वर्षी बाणेरहून हिंजवडीत अख्खं ऑफिस मीच हलवलं. २२० माणसं, शुक्रवारी संध्याकाळी जुन्या जागी काम बंद, सोमवारी सकाळी ९ ला नव्या जागी सुरू. कोण कुठे बसणार, लॅन पॉइंट, अ‍ॅक्सेस कार्ड, यूपीएस, सामानवाला, सगळं माझ्या एक्सेलमध्ये. इंटरनेटवाला आठवडाआधी म्हणाला लाइन पुढच्या महिन्यात. मला आधीच वास आला होता म्हणून दुसऱ्याकडून महिन्यापुरती लाइन बोलून ठेवलेली. शनिवारी नव्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली तर पाचव्या मजल्यापर्यंत माणसं लावून मॉनिटर चढवले. सोमवारी साहेबांनी मेल टाकला, थँक्स टु आयटी टीम. माझं नाव नाही. तेव्हाच ठरवलं आता इथे राहायचं नाही.

निळी_शाई
अहो हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंत?? हाच प्रोजेक्ट. तारीख ठरलेली, बजेट ठरलेलं, लाइनची रिस्क आधी ओळखून सोय केलीत. रेझ्युमेत 'अ‍ॅडमिनची सर्व कामे' अशी ओळ असेल तर आज खोडा आणि हे लिहा, आकड्यांसकट. पीएमपीला आयटीचाच अनुभव लागतो असं नाही, असलं शिफ्टिंग मोजता येतं. रोजचं पँट्री-कॅब मात्र मोजत नाहीत, त्यामुळे ३६ महिने आत्ता भरणार नाहीत. सर्टिफिकेट हवंच असेल तर सीएपीएम (पीएमपीच्या खालची पायरी) बघा, त्याला अनुभव लागत नाही, २३ तासांचं ट्रेनिंग लागतं. पण त्याच्याही आधी तुमच्याच कंपनीत प्रोजेक्ट कोऑर्डिनेटरची जागा विचारा. बाहेरचे तुम्हाला अ‍ॅडमिन म्हणूनच बघतील, आतल्यांनी तुम्हाला ऑफिस हलवताना बघितलंय.

तळ्यातमळ्यात
मी अशीच आत सरकले, पण बँड (पगाराची श्रेणी) तोच ठेवला, दीड वर्षं पगार जैसे थे आणि जुनं काम पण गळ्यात. सगळं मेलवर लिहून घ्या.

वाकडवासी
अवांतर : बाणेरहून हिंजवडीत ऑफिस नेणाऱ्यांचा जाहीर निषेध. वाकडच्या पुलाखाली माझं अर्धं आयुष्य गेलं.

कोडकिडा
लिफ्टचं वाचलं. पायथन राहू द्या. जिरा (कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) तरी शिका.

चाफेकळी
बरं ऐका. आज प्रोजेक्टवाल्या डिलिव्हरी मॅनेजरला जाऊन भेटले. ते म्हणाले महिनाभर एका प्रोजेक्टच्या वीकली कॉलला बस, मिनिट्स (मीटिंगचं टिपण) काढ, फॉलोअप घे, मग बघू. पेटी कॅश माझ्याकडेच राहणार म्हणे. आणि क्लासवाल्याला पाच हजार टोकन दिलंय मी, ते परत मिळेल का?

गँटराव
टोकन दिलं आणि आता सांगताय!

निळी_शाई
पावती आहे का? त्यावर नॉन-रिफंडेबल लिहिलंय का? आजच मेल टाका, फोन नको. अर्जाची पात्रता न विचारता फी घेतली हे त्यात स्पष्ट लिहा. मिळतीलच असं नाही, पण मागा. आणि 'मग बघू' म्हणजे कधी, ते मॅनेजरकडूनही मेलवर येऊ द्या, वर तळ्यातमळ्यात यांनी सांगितलंय ते.

चाफेकळी
पावती नाही, जीपे केलंय. मेल टाकते. उद्या १० ला पहिला कॉल आहे, मिनिट्सचा नमुना कुणाकडे आहे का? आत्ताच लागेल.

स्प्रिंटसम्राट
मिनिट्स स्क्रममध्ये नसतातच खरं तर

निळी_शाई
तीन रकाने. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. कोण काय बोललं ते लिहू नका, कॉल संपल्यावर तासाभरात पाठवा. ज्याच्या नावापुढे तारीख नाही त्याला कॉल चालू असतानाच विचारा.