'मॉडेस्ट' कपड्यांना मराठीत नेमकं काय म्हणायचं? (अभ्यासिकेच्या पाटीसाठी)

मांजराकाठ :
मंडळी, लातूरला आमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेसाठी पाटी लिहून द्यायची आहे. मजकूर इंग्रजीतून आलाय, कपडे मॉडेस्ट असावेत आणि शेजारी बसणाऱ्याचा विचार करून घातलेले असावेत अशा अर्थाचा. दुसरा भाग जमला, मॉडेस्टपाशी अडलो. मी 'शालीन पोशाख' लिहिलं तर तिथंच अभ्यासाला येणारी एक मुलगी म्हणाली, काका हे वाचून सगळे आमच्याकडंच बघतील. तिचं बरोबर आहे, कारण मूळ तक्रार पोरांची आहे, एप्रिलमध्ये वरचा पत्रा तापला की बनियन आन हाफ चड्डीवर येऊन बसायलेत, पाय समोरच्या खुर्चीवर. पोरापोरींना दोघांना सारखा लागू पडेल असा शब्द सांगा. 'अंगभर कपडे' कसं वाटतं?

सूत्रधार :
शालीन हा मुळात बाईसाठीचा शब्द नाहीच. पाणिनीचं सूत्र आहे, ५.२.२०, 'शालीनकौपीने अधृष्टाकार्ययोः'. शालीन म्हणजे अधृष्ट, उद्धट नसलेला, पुढं पुढं न करणारा, आणि टीकाकार तो शाला म्हणजे घर या शब्दावरून लावतात. त्याच सूत्रात शेजारी कौपीन बसलंय, कूप म्हणजे विहीर त्यावरून, विहिरीत ढकलून द्यावं असं वाईट काम, पुढं झाकायचा अवयव आणि त्यावरून लंगोटी. म्हणजे पोरांच्या हाफ चड्डीला हेच सूत्र लागू पडतं. लोक शब्द चुकीचा वापरतात म्हणून तो टाकून द्यायचा का? शालीनच ठेवा.

सुती_लुगडं :
दादा, सूत्र खरं असेल, पण स्थळ सांगताना 'मुलगा शालीन आहे' असं कुणी म्हणताना ऐकलंय का? मुलगा निर्व्यसनी आणि मुलगी शालीन, सोज्वळ. पाणिनीनं काहीही म्हटलेलं असो, पाटी वाचणारी पोरं आजची आहेत.

आणि 'अंगभर' सुद्धा तसलाच शब्द आहे, 'अंगभर पदर घे' हे आयुष्यभर आम्हालाच ऐकावं लागलंय. माझी आजी औश्याकडची, खुरपायला जाताना लुगड्याचा काष्टा असा वर खोचायची की पोटऱ्या उघड्या, गुडघ्यापर्यंत चिखल, त्यात कुणाला काही वावगं दिसायचं नाही. पण मामंजी बांधावर दिसले की हातातलं खुरपं टाकून आधी पदर डोक्यावर. म्हणजे तेव्हा पाय दिसला तर चालायचा, डोकं दिसलेलं चालायचं नाही. आता बरोब्बर उलटं झालंय. मग अंगभर म्हणजे अंगाचा कुठला भाग ते कोण सांगणार?

गोदातीर :
ताईंशी सहमत. आमच्या नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात डोकं झाकल्याशिवाय आत जाता येत नाही, बाई असो की बुवा, कुणी दस्ती बांधतो कुणी ओढणी घेतो. आणि वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना वरचे कपडे काढूनच जावं लागतं. दोन्ही मराठवाड्यातच, एकीकडं झाकायचं एकीकडं काढायचं, पण भांडण होत नाही कारण काय करायचं ते नेमकं सांगितलेलं असतं. आता तुळजापूर आठवा, २०२३ च्या मे महिन्यात मंदिरात फलक लागले होते. त्यातलं हाफ पँट, बर्मुडा कुणालाही कळतं, पण 'असभ्य' आणि 'अशोभनीय' म्हणजे काय ते दारावर उभा असलेला माणूस ठरवणार! गदारोळ झाला आणि निर्णय लगेच मागं घ्यावा लागला. त्यामुळं पाटीवर विशेषणच नको असं माझं मत आहे.

परभणीचा_मास्तर :
पोशाखाऐवजी 'पेहराव' घ्या, सरकारी कागदात तोच चालतो. ८ डिसेंबर २०२० ला मंत्रालयापासून सगळ्या शासकीय कार्यालयांसाठी सूचना निघाल्या त्या पेहरावाच्याच, जीन्स टी-शर्ट नको, स्लिपर नको, आठवड्यातून एकदा खादी. मार्च २०२४ मध्ये आम्हा शिक्षकांनाही असाच नियम आला. आणि विशेषण हवंच असेल तर 'सभ्य' वाईट नाही. सभ्य म्हणजे सभेत बसायला योग्य, चार माणसांत बसायचं तर त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये, त्यात शेजाऱ्याचा विचार आपोआप येतो.

किल्लेधारूर :
सगळे संस्कृतातच का शोधायलेत? आमच्याकडचा शब्द आहे 'अदब'. आणि 'आब' राखून कपडे घालणं. फारसीत आब म्हणजे पाणी, तेज, आणि आबरू म्हणजे तोंडावरचं पाणी. पाटीवर 'अदबशीर कपडे' लिहा, पोरापोरींना दोघांना लागतं. माझे आजोबा निजामाच्या काळातले, ते सांगायचे की बोडक्या डोक्यानं तहसीलदारापुढं उभं राहणं म्हणजे बेअदबी, धोतर ठिगळाचं असलं तरी चालायचं पण डोईला पटका पाहिजे.

सुती_लुगडं :
काका, अदब आवडला. पण 'बोडकं' असं सहज वापरू नका. या शब्दानं आमच्या घरातल्या एका बाईचं सगळं आयुष्य करपलेलं मी बघितलंय. तो विधवेला हिणवायचा शब्द आहे, पुरुषाला कुणी लावत नाही.

किल्लेधारूर :
ताई, तुमचं दुःख मान्य, पण लावतात. बिनटोपीचा माणूस बोडका, पानं झडलेलं झाड बोडकं, डोंगर बोडका. वाईट अर्थ माणसांनी चिकटवला, त्यासाठी शब्दाला का मारायचं?

सुती_लुगडं :
झाडाला बोडकं म्हटलं तर झाडाला ऐकू येत नाही काका. शालीनचंही तेच आहे, मूळ अर्थ सांगून माणसाला लागलेलं कमी होत नाही.

रात्रीचा_दिवा :
मी उदगीरची, नीटची तयारी करतेय, रोज अशाच अभ्यासिकेत बसते. सभ्य लिहिलं, अदबशीर लिहिलं तरी बनियनवाला मुलगा स्वतःला सभ्यच समजतो. 'बनियन व हाफ पँटवर बसू नये, पाय खुर्चीवर ठेवू नयेत, उग्र सेंट मारून येऊ नये' एवढंच लिहा ना. सेंटचं खरंच लिहा, बंद खोलीत डोकं दुखतं, आणि तो पण दुसऱ्याचा विचारच आहे.

सूत्रधार :
मग ती पाटी कसली, ती यादी झाली. एवढ्या मोठ्या भाषेला एका शब्दात सांगता येऊ नये हे मला पटत नाही. आणि वर गोदातीर यांनी दस्ती डोक्याला बांधलीय, दस्त म्हणजे हात, दस्ती म्हणजे हातरुमाल. डोक्याचा तो रुमाल किंवा पटका.

गोदातीर :
हातरुमाल तुमच्याकडं. आमच्याकडं उन्हात निघताना आई अजून म्हणते, डोक्याला दस्ती बांध.

परभणीचा_मास्तर :
परभणीत दोन्ही ऐकलंय, खिशातली लहान ती दस्ती आणि डोक्याची मोठी ती पण दस्तीच. खांद्यावरचा मात्र शेला. बीडकडं काय म्हणतात?