मदत हवी आहे: ४० खुर्च्यांची एसी अभ्यासिका, बंद खिडक्या आणि 'आता कुठे आहे करोना?'

झरोका

पुण्यातली अभ्यासिका आहे. खोली ३० बाय २० फूट, उंची १० फूट. स्पर्धा परीक्षांची ४० मुलं, सकाळी ७ ते रात्री ११. दोन टनाचे दोन स्प्लिट एसी. रस्त्याच्या आवाजामुळे खिडक्या कायम बंद. कार्बन डायऑक्साइड सकाळी ४५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतो, दुपारी १२ वाजता २८००. एकाला ताप-खोकला आला की आठवड्याभरात अख्खी रांग खोकते.

मागच्या भिंतीत ९ इंची एक्झॉस्ट आहे. तो लावला की बाथरूमचा वास खोलीत येतो, म्हणून कोणीतरी बंद करतं. मालक म्हणतात, 'एसी आहे ना, मग हवा खेळतीच आहे. फरशी रोज सॅनिटायझरने पुसतो.' मास्कचं नाव काढलं तर मुलं हसतात. कोणाच्या इच्छेवर अवलंबून न राहता काय करता येईल?

वातायन

स्प्लिट एसी बाहेरची हवा घेतच नाही, आतलीच गार करून परत सोडतो. मालकांना आधी हे पटवा. फरशी पुसून हवेतले कण जात नाहीत. भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाने मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की सूक्ष्म कण हवेतून १० मीटरपर्यंत जाऊ शकतात. तुमची खोली त्याहून लहान आहे.

तुमच्याच आकड्यांवरून हिशेब. बसून वाचणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ४० जणांचे ७२० लिटर. २८०० वर आकडा स्थिरावतो म्हणजे तासाला जेमतेम ३०० घनमीटर ताजी हवा आत येते आहे, माणशी सेकंदाला २ लिटर. जागतिक आरोग्य संघटना १० लिटर सांगते. १० लिटर म्हणजे १४४० घनमीटर. एप्रिलच्या उन्हात तेवढी बाहेरची हवा घेतली तर दीड टनाहून जास्त एसी त्यातच खर्ची पडेल. म्हणून ताजी हवा ७०० घनमीटर आणि बाकीचं काम फिल्टरवर, असा मध्य काढा.

बाथरूमचा वास का येतो? एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो, पण आत यायला वाट दिलेली नाही, मग तो मिळेल त्या फटीतून खेचतो. समोरच्या भिंतीत, छज्जाखाली, दोन चौरस फुटांची जाळीची खिडकी ठेवा. एक्झॉस्टच्या शेजारीच झरोका दिलात तर ताजी हवा खोलीत न फिरता सरळ बाहेर जाईल, म्हणून दोन्ही एकमेकांपासून शक्य तितके लांब. बाथरूमच्या दाराला खाली ब्रश पट्टी आणि बाथरूमला स्वतःचा वेगळा एक्झॉस्ट. पंखा १२ इंची घेऊन रेग्युलेटरवर हळू चालवा. पंख्याच्या खोक्यावर छापलेला हवेचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. भिंतीत, जाळीमागे, त्याच्या निम्मा धरा.

मंदानिल

फिल्टरबद्दल. अमेरिकेत कोर्सी-रोझेन्थल डबा म्हणून प्रसिद्ध आहे तोच, फिल्टर आणि पंखा जोडून घरी बनवायचा हवा गाळणारा डबा, आपल्याकडच्या सामानात: २४ बाय २४ इंचाचे चार फिल्टर चार बाजूंना, खाली प्लायवूड, वर प्लायवूडच्या झाकणात १२ इंची एक्झॉस्ट, वर फुंकणारा. टेबल फॅन लावू नका, फिल्टरचा अडथळा त्याला झेपत नाही.

डक्टचे फिल्टर बनवणाऱ्यांकडे 'एमईआरव्ही १३' किंवा 'एफ ७' (बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरची प्रत) असं स्पष्ट सांगा. '१० मायक्रॉन' वाला प्री-फिल्टर गळ्यात मारतात, तो विषाणूचे कण अडवत नाही. फ्रेमवरचा बाण आतल्या बाजूला. आता सगळ्यात महत्त्वाचं: चारही कोपऱ्यांवर रुंद टेप आतून आणि बाहेरून. पंखा चालू करून टिश्यूची पट्टी प्रत्येक जोडावरून फिरवा. जिथे ती चिकटते तिथे फट आहे, हवा फिल्टर टाळून जाते आहे.

असे तीन डबे लागतील. प्रत्येकी ७०० घनमीटर हवा ओढली तरी काही कण पहिल्या फेरीत सुटतात, म्हणून स्वच्छ हवा प्रत्येकी ५०० च्या आसपास धरा. तीन डबे हळू चालवलेले एका जोरात चालणाऱ्यापेक्षा कधीही बरे. कारण आवाज झाला की बटण बंद, हे तुम्ही पाहताच आहात. फिल्टर धुऊ नका, त्यांचा विद्युतभार जातो. सहा-आठ महिन्यांनी बदला.

तपासायचं कसं? खोली रिकामी, एसी आणि सीलिंग फॅन चालू. उदबत्त्या लावून पीएम २.५ चा (हवेतल्या सूक्ष्म कणांचा) मीटरवरचा आकडा ५०० वर न्या, विझवून बाहेर काढा. खोलीच्या नेहमीच्या आकड्यावरची वाढ निम्मी व्हायला किती मिनिटं लागतात ते बघा. ४२ ला त्या मिनिटांनी भागा: तासाला खोलीची हवा किती वेळा स्वच्छ होते ते कळतं. डबे बंद ठेवून एकदा, चालू ठेवून एकदा. फरक हाच डब्यांचा.

झरोका

डबे लावल्यावर कार्बन डायऑक्साइडचा मीटर खाली येईल का?

वातायन

नाही. फिल्टर कार्बन डायऑक्साइड काढत नाही. एक्झॉस्टमुळे आकडा १४५० च्या आसपास येईल, डब्यांमुळे तिथून हलणार नाही. मालकांना हे आधीच सांगा, नाहीतर 'पैसे वाया' म्हणून डबे निघतील.

मीटर 'एनडीआयआर' (अवरक्त प्रकाशाने वायू मोजणाऱ्या) सेन्सरचाच हवा. स्वस्त मीटरजवळ सॅनिटायझर फवारून बघा. आकडा उसळला तर तो कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही, वास मोजून अंदाज सांगतो. मीटर आपोआप शून्य साधणारा असेल तर आठवड्यातून एकदा तासभर मोकळ्या हवेत ठेवा.

कविता_प

लोकांच्या अनास्थेबद्दल. करोनाच्या नावाने वाद घालत बसू नका, त्यात वर्षं जातील. २८०० पीपीएमला मुलांच्या दर १६ श्वासांत एका श्वासाइतकी हवा दुसऱ्याच्या फुफ्फुसातून आलेली असते, हे मीटरखाली लिहून लावा. क्षयरोग हवेतूनच पसरतो, आणि जगातले सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. गावाहून येऊन खानावळीत जेवणारी ही मुलं दिवसाचे १६ तास एका खोलीत असतात. मुख्य परीक्षेच्या तोंडावर आलेला ताप त्यांचं वर्ष खातो.

आणि बटणच ठेवू नका. इलेक्ट्रिशियनकडून एक्झॉस्ट आणि डबे दिव्यांच्या सर्किटला जोडून घ्या. दिवे लागले की हवा चालू. रेग्युलेटर बंद पेटीत.

मास्क ज्याला हवा त्याला निवांत वापरता यावा एवढं बघा: आयएस ९४७३ हे भारतीय मानक, एफएफपी २ ही प्रत, डोक्यामागे पट्टा, व्हॉल्व्ह नसलेला. कानावरचा गालापाशी सैल बसतो.

झरोका

दुकानदार यूव्ही ट्यूब सुचवतोय. आणि पावसाळ्यात दमट हवा आत येईल त्याचं काय?

मंदानिल

उघडी यूव्ही ट्यूब माणसं असलेल्या खोलीत अजिबात नको, डोळे आणि कातडी भाजते. आयोनायझर, ओझोनवालेही नको.

पावसाळ्यात एसी 'ड्राय' मोडवर. झरोक्याला तिरक्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला उतरत्या लावा. एक्झॉस्ट थोडा मंद करा, बंद नाही. डबे भिंतीच्या ओलीपासून फूटभर लांब आणि चार इंच उंच ठेवा. फिल्टर ओला झाला तर वाळवून वापरू नका, बदला.